लमियतची जीभ

रोज सकाळी साडेसातला, पांढरा कोट अंगावर चढवण्याआधी, लमियत वाफेच्या भट्टीच्या नळाखाली स्टीलचा चमचा धरायची. चमचा भरला की नळ बंद करायची, पाणी जिभेवर घ्यायची, डोळे मिटायची आणि तीन श्वास थांबायची. मग गिळून म्हणायची, "काही नाही." त्यानंतरच बाकीच्यांनी त्या पाण्याला हात लावायचा.

तिच्या डोक्यावरच फलक होता: प्रयोगशाळेत खाण्या-पिण्यास सक्त मनाई. विभागाचे प्रमुख डॉक्टर विचियन पहिली दोन वर्षं फलकाकडे बोट दाखवून ओरडले, मग थकले. बान फा खाव गावचा डोंगर चुनखडीचा. विहिरीचं पाणी इतकं जड, की कोणतंही भांडं आठवड्यात पांढरं पडे. ते पाणी भट्टीत उकळून, वाफ थंड करून जे थेंब जमत, त्यांच्यावर केंद्राचं सगळं काम चाले. लमियतचं म्हणणं एवढंच होतं, की चव नसणं हीच त्या पाण्याची चव आहे, आणि ती ओळखायला यंत्र लागत नाही.

"हिची जीभ म्हणजे सरकारी मालमत्ता," भट्टी सांभाळणारा सवातकाका म्हणायचा. "रजेवर जाताना इथेच ठेवून जात जा गं."

"ठेवीन की. पण मग घरी जाऊन तुमच्या नावानं बोटं कशानं मोडू?"

"बोटं बोटांनीच मोडतात, जिभेनं नाही."

"तुमच्या बाबतीत दोन्ही लागतात, काका."

केंद्रात गुरांच्या लाळ्या-खुरकुताची लस बनायची. लमियत तिथे एकोणिसाव्या वर्षी बाटल्या धुवायला लागली होती. शाळा अर्धवट. वडील वेताचे चेंडू विणायचे, पायांनी हवेत उडवत खेळायचे ते. घरात दोन मुली, आई नव्हती. संध्याकाळी अंगणात भिजवलेल्या वेताच्या पट्ट्यांचा वास आणि वडिलांच्या बोटांवरच्या चिरा, एवढं तिचं लहानपण.

बाटल्या धुण्याच्या दुसऱ्या वर्षी कधीतरी विभागाच्या भिंतीवर विषाणूचं एक मोठं चित्र लागलं. लमियत ओल्या हातांनी त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हा तर आमच्या घरचा चेंडू."

डॉक्टर विचियन हसले. दुसऱ्या दिवशी ती चेंडू घेऊनच आली. त्यांनी भोकं मोजली. बारा, प्रत्येक पाचकोनी. पुन्हा मोजली. बाराच.

"ह्याला खिळा नाही, डिंक नाही, दोरा नाही," लमियत म्हणाली. "एक पट्टी दुसरीला दाबते, दुसरी तिसरीला. शेवटचं टोक आत खोचलं की चेंडू स्वतःच स्वतःला धरून राहतो."

"विषाणूचं कवचही असंच," डॉक्टर म्हणाले. आता ते हसत नव्हते. "प्रथिनांचे तुकडे सुटे तरंगत असतात. पाच-पाच एकत्र येतात, त्यांची एक पाकळी होते. अशा बारा पाकळ्या जमल्या की गोळा. तुझ्या चेंडूला जिथे भोक, तिथे ह्याची पाकळी."

"विणतं कोण?"

"कुणी नाही. कडा एकमेकींना जुळतात, म्हणून आपोआप बसतात."

"बाबांना सांगते. म्हणतील, मग मीच काय पाप केलंय." तिने चित्रातल्या एका पाकळीच्या कडेवर बोट ठेवलं. "आणि उसवतं कशानं?"

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं ते त्या वेळी पहिल्यांदा. "उष्णतेनं. आणि आंबटानं. जरा आंबट लागलं की बाराच्या बारा पाकळ्या वेगळ्या. लशीत आपण विषाणू मारून घालतो, पण कवच अख्खं ठेवतो. गायीच्या रक्ताला अख्खा चेंडू दिसला तर ते रोग ओळखायला शिकतं. सुट्या पाकळ्या कितीही टोचल्या तरी ते ढिम्म."

त्या एका प्रश्नावर लमियत बाटल्यांच्या मोरीतून तपासणीच्या टेबलावर आली. काम हाताचं होतं, आणि हात वडिलांचे होते. निमुळत्या नळीत तळाला दाट साखरेचं पाणी, त्यावर जरा पातळ, त्यावर आणखी पातळ, असे थर एकमेकांत न मिसळता सोडायचे. सर्वांत वर लशीचा थेंब. मग नळी तासन्‌तास गरगर फिरवायची. अख्खी कवचं जड, ती साखरेतून खाली उतरतात. तुटलेल्या पाकळ्या हलक्या, वरच रेंगाळतात. शेवटी नळीतला द्रव थेंबाथेंबाने प्रकाशासमोरून जायचा आणि यंत्राचं पेन कागदावर रेघ ओढायचं. अख्खी कवचं आली की रेघ उंच चढून उतरायची. लमियत त्याला डोंगर म्हणायची. पुढे सगळेच म्हणू लागले. डोंगर दिसला की लस चांगली.

ह्या नोकरीची एक अट अशी होती, की ती केंद्राबाहेरच्यांना सांगितली तर खरी वाटत नसे. केंद्रातून बाहेर पडल्यावर सात दिवस गुरांजवळ जायचं नाही. आंघोळ करून, कपडे बदलून, डोकं धुऊन बाहेर आलं तरी नाही. रोगाचा कण नाकातून, केसांतून कसा जाईल सांगता येत नाही. लमियत आठवड्यातून सहा दिवस कामाला असे. सात दिवस तिच्या आयुष्यात कधी सलग आलेच नाहीत.

आणि तिची धाकटी बहीण थोंगबाय डोंगराच्या पलीकडच्या अंगाला अकरा दुभत्या गायी पाळून होती.

थोंगबायचं लग्न झालं, नवरा गेला, गायी वाढल्या. यातलं काहीच लमियतने गोठ्यात उभं राहून पाहिलं नाही. बहिणी भेटायच्या केंद्राच्या फाटकाबाहेरच्या दगडी कठड्यावर. थोंगबाय मोटारसायकलवर दूध घालून येताना थांबायची. गायींची नावं, त्यांच्या खोड्या, कुणाला कोणतं वासरू झालं, हे लमियतला तोंडपाठ होतं, पण समोर आणून उभ्या केल्या असत्या तर तिला एकही ओळखता आली नसती.

"बघ, लस बनवते ही, आणि गाय कशी दिसते माहीत नाही," थोंगबाय चिडवायची.

"तुझ्यासारखीच दिसत असेल. सारखी रवंथ करत."

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मार्चमध्येच सीमेपलीकडून येणाऱ्या गुरांत रोग सापडला. जनावरांचे ट्रक एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जात होते आणि रोग त्यांच्याबरोबर. बँकॉकहून रोज विचारणा: लस कधी? शीतखोलीत ऐंशी हजार डोसांचा एक साठा तयार होता, फक्त शेवटची तपासणी बाकी. तो पास झाला की पहिल्या गाड्या डोंगरापलीकडच्या गावांना जाणार होत्या. आंबटपणा मोजायचं यंत्र तेवढं दोन महिन्यांपासून दुरुस्तीला गेलेलं होतं. डॉक्टर विचियन कुणी विचारलं तर म्हणत, "येईल तेव्हा येईल. तोवर लमियतची जीभ आहे."

त्या सोमवारी सकाळी सातला थोंगबाय फाटकापाशी आली. टोपलीत कैऱ्या, कागदाच्या पुडीत तिखट, मीठ आणि साखर एकत्र कुटलेली. कठड्यावर बसून तिने कैरीच्या फोडी केल्या.

"ताई, खरं सांग. आमच्या गावाला कधी?"

"आज तपासते. तीन दिवसांत गाडी."

"नक्की?"

"साठा चांगला असला तर नक्की."

"तू तपासणार म्हणजे चांगलाच असेल. घे, ही फोड घे, आतली कोवळी आहे. देवळामागच्या झाडाची."

कैरी अशी आंबट होती की दोघींचे डोळे बारीक झाले. तिखटाने नाक वाहू लागलं. लहानपणी दोघी अशाच खात, आधी कोण 'हाय' करतं ते बघत. लमियतने चार फोडी खाल्ल्या. थोंगबायने पाचवी हातात कोंबली, ती तिने चालता चालता खाल्ली.

आत आल्यावर तिने भट्टी सुरू केली, पहिलं पाणी मोठ्या बाटलीत भरू दिलं, चमचा धरला. पाणी जिभेवर घेतलं. जीभ अजून चुरचुरत होती. तीन श्वास. "काही नाही," ती म्हणाली.

त्या पाण्यात तिने साखर विरघळवली. क्षार नेहमीच्या मापाने घातले. दिवसभर पुरेल एवढं एकदमच केलं, कारण घाई होती.

संध्याकाळी पेनने जी रेघ ओढली तिच्यात डोंगर नव्हता. सुरुवातीला एक बुटकी टेकडी, तुटलेल्या पाकळ्यांची, आणि पुढे कागदाच्या टोकापर्यंत सपाट माळ. लमियतने दुसरी नळी लावली. मंगळवारी तिसरी. तीनदा तपासायचं असा नियम होता, आणि तिने तो अक्षरशः पाळला. तिन्ही वेळा साखरेचं पाणी मात्र त्या एकाच बाटलीतलं.

"शीतखोली मध्येच बंद पडली असेल," डॉक्टर विचियन म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तुझी खात्री आहे?"

"तीनदा बघितलं, डॉक्टर. एकही कवच अख्खं नाही."

तिने सही केली. बुधवारी दुपारी सगळ्या बाटल्या फोडून ती लस आम्लाच्या हौदात ओतली गेली. केंद्रातून टाकून द्यायची प्रत्येक गोष्ट त्या हौदातून जात असे. लमियत खिडकीतून बघत होती. हौदाच्या कडेला उभे असलेले लोक रबरी बुटांत, एकामागून एक बाटली उलटी करत होते, आणि तिला वाटत होतं, बरं झालं, सापडलं वेळेवर.

पुढचा साठा तयार व्हायला दोन महिने लागणार होते.

एप्रिलमध्ये, सोंगक्रानच्या सणाला गावात सगळे एकमेकांवर पाणी उडवत असताना, थोंगबायच्या 'मणी' नावाच्या गायीच्या तोंडातून लाळ गळू लागली. दुसऱ्या दिवशी चौघींच्या. मग सगळ्यांच्या. खुरांच्या बेचक्या फुटल्या, जिभेची साल निघाली. गावातला गुरांचा डॉक्टर जांभळं औषध फासून गेला. जांभळ्या पायांच्या गायी गोठ्यात उभ्या राहू शकत नव्हत्या, बसूही शकत नव्हत्या. मोठ्या जनावरांनी तग धरला. वासरांनी नाही. सहा वासरं तीन दिवसांत गेली, आचळाला तोंड लावता लावता. रोग त्यांच्या काळजातच बसला होता.

थोंगबायने फाटकावरच्या फोनवर निरोप दिला. लमियत धावत गेली, फोन कानाला लावला.

"ताई, तू येऊ नकोस हं. तुझा तो सात दिवसांचा नियम."

"आता कसला नियम? रोग तर आलाच आहे गोठ्यात."

"तू इथून परत तिकडे घेऊन जाशील. नोकरी जाईल तुझी. नको येऊस." पलीकडे काहीतरी हंबरलं, अर्धवट. "मणीच्या कासेत गाठी आल्यात. आता ती दूध देणार नाही म्हणे कधीच."

"थोंगबाय..."

"लोक म्हणतायत, लस आली असती तर वाचलो असतो. मी त्यांना सांगितलं, अरे, ती लस खराब होती. माझ्या बहिणीनं पकडली. नाहीतर पाणी टोचून बसला असता आणि वर लस घेतल्याच्या तोऱ्यात राहिला असता." तिचा आवाज फुटला, पण त्यात अभिमान होता. "बरोबर सांगितलं ना मी?"

"बरोबर," लमियत म्हणाली.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकॉकहून एक प्रशस्तिपत्र आलं. सदोष साठा वेळीच ओळखून शेतकऱ्यांची फसवणूक टाळल्याबद्दल. सोनेरी किनार, लमियतचं पूर्ण नाव, खाली मार्गदर्शक म्हणून डॉक्टर विचियनचं. थोंगबायने ते मागून नेलं. "तुझ्या खोलीत कोण बघणार? माझ्याकडे चार माणसं येतात." तिने ते काचेत बसवून बाहेरच्या खोलीत लावलं, देवळाच्या कॅलेंडरशेजारी.

त्यानंतर दोनच दिवसांनी लमियत सकाळी भट्टीपाशी आली. नळाला लाल फडकं बांधलेलं होतं. म्हणजे सवातकाकाने भट्टीतला चुन्याचा थर काढायला आत व्हिनेगर ओतून ठेवलं होतं. ते सोडून, भट्टी धुऊन, पहिलं पाणी फेकेपर्यंत नळाला हात लावायचा नाही. हे तिला माहीत होतं. पण वीस वर्षांचा हात. फडकं दिसेपर्यंत भट्टी सुरू झाली होती, चमचा भरला होता आणि पाणी जिभेवर गेलं होतं.

आंबट. अगदी थोडं. कैरीच्या सालीजवळच्या गराइतकं.

ती थुंकली नाही. तशीच उभी राहिली. तीन श्वास, मग आणखी किती तरी.

सवातकाका मागच्या शेडमध्ये चहा पीत होता.

"काका, मार्चमध्ये कधी साफ केली होती भट्टी?"

"मार्चमध्ये? थांब हां. भाच्याची दीक्षा होती, तेव्हा. शनिवारी व्हिनेगर ओतलं आणि गावी गेलो. मंगळवारी आलो तर व्हिनेगर आत नव्हतंच, वाटलं कुणीतरी सोडून टाकलं. म्हटलं, चला, काम वाचलं."

"फडकं बांधलं होतं?"

त्याने कप खाली ठेवला. "बांधलं नव्हतं का?"

"मी विचारतेय तुम्हाला."

"घाईत राहिलं असेल बाई. बस सुटत होती." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने हसण्याचा प्रयत्न केला. "पण मला काळजी नव्हती. म्हटलं, तुझी जीभ आहेच की."

प्रत्येक साठ्यातली एक बाटली वेगळी काढून ठेवायची पद्धत होती. शीतखोलीच्या मागच्या फळीवर, तारीख लिहून. लमियतने ती काढली. भट्टी तीनदा धुऊन, पाच वेळा पहिलं पाणी फेकून, स्वच्छ पाण्याचं साखरेचं मिश्रण केलं. थर सोडताना हात एकदाही हलला नाही. संध्याकाळी पेन चालू झालं. बुटकी टेकडी आलीच नाही. रेघ काही वेळ सपाट गेली, मग चढू लागली, चढतच राहिली, कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. इतका उंच डोंगर तिने आयुष्यात पाहिला नव्हता. शीतखोली कधी बंद पडलीच नव्हती. ऐंशी हजार डोसांत एकेक कवच धड होतं. तिच्या तीन नळ्यांत जी उसवली ती तिच्या पाण्याने उसवली. बाकीची तिच्या सहीने हौदात जाऊन उसवली.

डॉक्टर विचियननी कागद पाहिला, आणि लमियतने भट्टीतल्या व्हिनेगरचं सांगितलं तेही ऐकलं.

"सवातला कुणी विचारलं का?"

"मीच विचारलं."

"आणखी कुणाला?"

"नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली. वर्षभराने ते निवृत्त होणार होते. वाईट माणूस नव्हता. बाटल्या धुणाऱ्या मुलीला त्यांनी टेबलावर बसवलं होतं, हे ती विसरली नव्हती, आणि ते तिने विसरू नये असं त्यांना ह्या क्षणी वाटत होतं.

"ह्या एका बाटलीतून ऐंशी हजार परत येतील?"

"नाही."

"गायी परत येतील?"

लमियतने नकारार्थी मान हलवली.

"मग कशाला? प्रशस्तिपत्र आलंय. तुझं नाव, माझं नाव, केंद्राचं नाव. उद्या शेतकरी म्हणतील, ह्यांची चांगली लसही खोटी आणि खोटी लसही चांगली. पुढच्या साठ्याला कुणी गाय पुढे करणार नाही. जाऊ दे, लमियत. मन शांत ठेव."

कागद त्यांच्या खणात गेला. तिने हात जोडून नमस्कार केला आणि बाहेर आली. आयुष्यभर ती हा नमस्कार आठवत राहिली, तो कागद नव्हे.

त्या दिवसापासून तिने आंबट तोंडात घातलं नाही. तिखट नाही, मासळीचं खारं पाणीही नाही. सकाळी पांढऱ्या भाताची पेज, दुपारी वाफवलेला चिकट भात. चमच्याआधी तीनदा चूळ. विभागातले म्हणत, लमियत संन्यासिनी व्हायच्या मार्गाला लागली. पुढच्या मार्चमध्ये थोंगबाय कठड्यावर कैऱ्या घेऊन आली, तेव्हा लमियतने टोपली मागे सारली.

"पोटाला बाधतं आता."

"चार फोडींनी काय होतंय?"

"म्हटलं ना, नको."

थोंगबायने पुडी पुन्हा बांधली. दूध आटलेल्या गायी विकून तिच्या गोठ्यात आता दोनच उरल्या होत्या, पुढच्या वर्षी त्याही गेल्या. सिमेंटच्या कारखान्यात कामगारांच्या खानावळीत ती भात शिजवायला लागली होती. "बरोबर आहे," ती म्हणाली. "काचेतल्या बाईला गावची कैरी कशी चालेल?"

लमियतला त्यावर उत्तर देता आलं असतं. ते एकच उत्तर होतं, आणि त्यात कैरीही होती. तिने दिलं नाही.

वर्षं गेली. डॉक्टर विचियन निवृत्त झाले आणि वारले. सवातकाका मुलाकडे गेला. भट्टी गेली, शुद्ध पाणी बंद डब्यांतून येऊ लागलं, आंबटपणा मोजायची दोन-दोन यंत्रं आली. लमियत त्या डब्यातलंही चमचाभर चाखायची. शेवटच्या वर्षी विद्यापीठातून आलेली एक संशोधक मुलगी पडद्यावर रंगीत कवच फिरवून सगळ्यांना सांगत होती: पाकळीला पाकळी जिथे भिडते, त्या शिवणीवरचा एखादा दुवा बदलला की कवच पुष्कळ पक्कं होतं, उन्हातही उसवत नाही.

मागच्या रांगेतून लमियतने विचारलं, "आणि आंबटात?"

"थोडंफार टिकतं, मावशी. त्यावर अजून काम चालू आहे."

"लवकर करा," लमियत म्हणाली. काही जण हसले. त्यांना वाटलं, ती गंमत करतेय.

साठाव्या वर्षी ती निवृत्त झाली. सरकारी खोली सोडायची होती. पण ती लगेच बहिणीकडे गेली नाही. गावातल्या देवळाच्या धर्मशाळेत तिने सात दिवस काढले. गुरं नसलेल्या गोठ्यासाठी. आठव्या दिवशी सकाळी ती थोंगबायच्या अंगणात आली आणि घरात न जाता सरळ गोठ्याकडे गेली. आत मडकी रचलेली होती, मोडकी सायकल होती. दावणीच्या दगडाला गायींच्या मानांनी घासून आलेली चकाकी अजून होती. आढ्याला वडिलांनी विणलेला एक चेंडू टांगलेला होता, धुळीने करडा.

थोंगबाय मागून आली. "काय बघतेस? काही नाही आता इथे."

लमियतने चेंडू खाली काढला. उलट्या मडक्यावर बसली आणि सांगू लागली. कवच, पाकळ्या, साखर, डोंगर. हातात चेंडू असल्यामुळे सोपं गेलं. थोंगबाय वेत विणणाऱ्याची मुलगी होती; आंबट लागलं की शेवटचं टोक सुटतं म्हटल्यावर तिने मान डोलावली. मग भट्टी, व्हिनेगर, न बांधलेलं फडकं. त्या सोमवारची सकाळ. मागे काढून ठेवलेली बाटली.

सांगून झालं. बाहेर कोंबडी माती उकरत होती.

"म्हणजे चेंडू धड होता," थोंगबाय म्हणाली.

"हो."

"तू उसवलास."

"हो."

"आणि कैरी माझी होती."

लमियतने मान खाली घातली. "तुझा काय दोष?"

"मी दोष नाही म्हणत. कैरी माझी होती, एवढंच म्हणतेय." तिने दावणीच्या दगडावरून हात फिरवला. "सगळ्या गावाला सांगत फिरले मी. माझी ताई, माझी ताई."

"ते प्रशस्तिपत्र काढून टाकू?"

"राहू दे. त्याच्यामागे भिंतीचा पोपडा पडलाय."

त्यानंतर दोघी नऊ वर्षं एका घरात राहिल्या. भांडण एकदाही झालं नाही. थोंगबाय तिला वेळेवर जेवायला वाढायची, तिची औषधं आणायची, ताप आला तर पाय दाबायची. फक्त 'ताई' ही हाक तिच्या तोंडून गेली. "जेवण झालंय," ती दारात उभी राहून म्हणायची, हवेला उद्देशून. आणि दर मार्चमध्ये एकदा, काही न बोलता, कैरीच्या पाच फोडी आणि तिखट-मिठाची वाटी लमियतसमोर ठेवायची. लमियत एक फोड खायची. पूर्ण, सालीसकट. डोळे बारीक न करता. उरलेल्या चार थोंगबाय उचलून न्यायची.

सकाळचा चमचा सुटला नव्हता. अंगणात पावसाचं पाणी साठवलेले दोन मोठे रांजण होते. उठल्यावर लमियत त्यांतून चमचाभर घ्यायची, डोळे मिटून थांबायची. 'काही नाही' म्हणणं मात्र तिने सोडलं होतं. नुसती गिळायची.

मूत्रपिंडं निकामी होत आली तेव्हा सगळ्याचीच चव लोखंडासारखी लागू लागली. तरी चमचा चालूच. शेवटी एका सकाळी ती रांजणापाशीच खाली बसली आणि तिला उठता येईना. शेजाऱ्याची गाडी बोलावली. मागच्या फळीवर चटई टाकून तिला निजवलं. थोंगबाय कपड्यांची पिशवी घेऊन तिच्या उशाशी चढणार, तेवढ्यात लमियतने तिचा हात धरला. ओठ हलले. थोंगबाय वाकली. इतक्या वर्षांनंतर काही म्हणायचं असेल, तर ते आता, असं तिला वाटलं असावं, कारण ती अगदी जवळ वाकली, कान तिच्या तोंडाशी नेला.

"रांजणावर झाकण राहिलंय," लमियत म्हणाली. "ठेवून ये. पाली पडतात."